वाटीतली शिल्लक

संध्याकाळी सहाच्या सुमारास मोशीतील माझ्या दवाखान्यासमोरून कंपन्यांच्या बसगाड्या एकामागोमाग एक जाऊ लागतात. चाकणकडून येणाऱ्या गाड्यांतून थकलेले चेहरे दिसतात आणि चाकणकडे निघालेल्या गाड्यांतून नुकतेच भांग पाडलेले. त्याच वेळी माझ्याकडच्या बाकावर आजी-आजोबा नातवंडांना मांडीवर घेऊन बसलेले असतात. आई एका पाळीला, वडील दुसऱ्या पाळीला, अशी इथल्या कित्येक घरांची रीत आहे. आजी-आजोबांची पाळी मात्र चोवीस तासांची असते. ज्या वाचकांची स्वतःची पाळी अशी चालू आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात एक कृती सांगायची आहे आणि त्या कृतीपायी माझ्या हातून झालेली एक चूकही.

काही वर्षांपूर्वी सत्तरीचे एक गृहस्थ आपल्या नातीला घेऊन आले. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे स्टोअरमध्ये नोकरी केली होती. मधुमेहासाठी ते माझ्याकडे नेहमी येत. मी त्यांना काका म्हणते. नात पहिलीत होती. तिचे पोट रोज सकाळी दुखे. शाळेच्या दिवशी दुखे, रविवारी दुखत नसे. मी तिला नीट तपासले. वजन, भूक, शौच, लघवी यांत काहीही वावगे नव्हते. शाळेत काय आवडत नाही, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "वजाबाकी."

काकांनी कपाळावर हात मारला. "डॉक्टरबाई, बत्तीस वर्षांत माझ्या स्टॉकमध्ये एका नटाचा फरक आला नाही. आणि हिला सातातून तीन गेले की किती उरतात, हे येत नाही! रोज दोन-दोन तास बसवतो पाटी घेऊन."

पोटाचे दुखणे खोटे नव्हते. भीतीने लहान मुलांचे पोट खरोखर दुखते. माझ्या टेबलाच्या खणात संध्याकाळच्या खाण्याचा डबा होता. त्यातले सात भाजलेले शेंगदाणे मी कागदावर मांडले, तिला मोजायला लावले आणि तीन उचलून तोंडात टाकले. "आता किती?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, दाण्यांकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "चार! तीन तुम्ही खाल्ले ना!"

पाटीवर सातातून तीन वजा करताना सात तिथेच राहतो, तीनही तिथेच राहतो आणि खाली चार नावाचा आणखी एक आकडा येतो. कुठलीच वस्तू जाताना दिसत नाही. खाल्लेला दाणा मात्र खरोखर जातो. सहा वर्षांच्या मुलीला जे कळत नव्हते, ते तिच्या बुद्धीत कमी नव्हते. आमच्या शिकवण्यात कमी होते. मी काकांना सांगितले, "पाटी चार दिवस बाजूला ठेवा. वाटीत शेंगदाणे घ्या, फुटाणे घ्या आणि दोघे मिळून खात खात हिशेब करा." बाहेर रुग्णांची रांग होती. मी घंटी वाजवली. स्वतःवर मी खूश होते, हे कबूल करायला हवे.

काकांनी हे काम अगदी आपल्या पद्धतीने केले. वाटी म्हणजे स्टोअर. वाटीत टाकले ती आवक, खाल्ले ती जावक आणि उरली ती शिल्लक. एका जुन्या वहीत तीन रकाने आखून नातीला त्यांनी स्टोअरकीपर केले. पंधरा दिवसांत पोटदुखी थांबली. काका ती वही मला दाखवायला घेऊन आले होते. वेड्यावाकड्या आकड्यांचे ते पान पाहून मला फार समाधान वाटले.

त्यानंतर महिनाभराने ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या कडेवर अडीच वर्षांचा नातू होता. घरात हा धाकटा आहे, हे मी कधी विचारलेच नव्हते. तीन दिवस खोकला होता आणि रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ताप नव्हता, नाक वाहत नव्हते. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर डावीकडे श्वास स्वच्छ ऐकू आला. उजवीकडे तो अडखळत, कमी येत होता. मी विचारले, "खोकला सुरू होण्याआधी याला खाताना ठसका लागला होता का?"

काका एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "लागला होता. मी आणि ताई हिशेबाला बसलो होतो. हा शेजारी खेळत होता. जोराचा ठसका लागला, पाणी पाजले, थांबला. मग खेळायला लागला."

त्याच रात्री मी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. एक्स-रेत स्पष्ट असे काही दिसले नव्हते. शेंगदाणा एक्स-रेत सहसा दिसतच नाही. मुलाला भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण घालून उजव्या बाजूचा अर्धा दाणा काढावा लागला. तिसऱ्या दिवशी मूल हसत घरी आले.

काका मात्र आठवड्याने एकटेच माझ्याकडे आले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरबाई, त्या दिवशी शिल्लक जुळली नव्हती. नऊ आवक, चार जावक. वाटीत पाच हवे होते, चारच भरले. मला वाटले, ताईने हळूच खाल्ला असेल. बत्तीस वर्षे फरक आला की सापडेपर्यंत मी घरी गेलो नाही. आणि या वेळी सोडून दिला."

मी त्यांना सांगितले, तेच आपल्यालाही सांगते. फरक त्यांच्या वहीत दिसला, पण चूक माझ्या खोलीत झाली होती. घरात आणखी लहान कोण आहे, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. औषध लिहून देताना मी वय विचारते, वजन पाहते. खाऊ लिहून देताना मात्र विचारले नाही.

आता मी हा प्रश्न सर्वांत आधी विचारते. आपल्या घरी हा खेळ सुरू करण्यापूर्वी आपणही तो स्वतःला विचारावा. नियम एकच आहे: वाटीत तेच ठेवावे, जे घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाला निर्धोकपणे खाता येईल. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा, काजू किंवा बदाम देऊ नये. मक्याच्या लाह्या, कच्च्या गाजराचे वा सफरचंदाचे टणक तुकडे, बीसकट बोरे, गोळ्या हेही टाळावे. पुढचे दात असले तरी दाढांनी बारीक चावण्याची क्रिया या वयात पक्की झालेली नसते, आणि मूल हसत, पळत, बोलत खात असते. शेंगदाण्याचे कूट चालते, अख्खा दाणा चालत नाही. द्राक्ष द्यायचे तर उभे चिरून चार फोडी कराव्यात. गोल द्राक्ष लहान घशात बुचासारखे बसते.

मग मोजायचे कशाने? आपल्या स्वयंपाकघरात काही कमी नाही. उकडलेल्या रताळ्याच्या वा गाजराच्या मऊ फोडी, केळ्याच्या चकत्या, पपईच्या फोडी, बिया काढलेला चिकू, मऊ धिरड्याचे वा भाकरीचे तुकडे, पनीरचे लहान तुकडे. धाकट्यासाठी हेच तुकडे आणखी लहान करावेत. खेळ बसून खेळावा, चालता-फिरता नाही. आणि हे जसे नातवंडासाठी, तसे आपल्यासाठीही आहे. कवळी सैल असेल, तोंड कोरडे पडत असेल, पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर आपला घासही मऊ आणि लहान हवा.

आता शिकवण्याबद्दल. आपण पाढे पाठ केलेली पिढी आहोत. पावकी, निमकी, पाऊणकी कोणाकोणाला अजून मुखोद्गत असेल. म्हणून मूल पन्नासपर्यंत घडाघडा म्हणू लागले, की त्याला मोजता येते असे आपल्याला वाटते. म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. तीन-चार वर्षांच्या मुलाला एका फोडीला एकच आकडा द्यायला शिकवावे: बोट ठेवायचे, आकडा म्हणायचा, फोड बाजूला सरकवायची. मोजून झाल्यावर "मग एकूण किती?" असे विचारावे. ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेले नाही. घाई करू नये. त्यानंतर "आणखी एक ठेवला, आता किती?" हा प्रश्न, मग दोन ढीग एकत्र करणे आणि मग खाऊन कमी करणे.

वजाबाकीचे प्रश्न तीन प्रकारचे असतात आणि मुलांना ते सारखे सोपे नसतात. सातांतल्या तीन फोडी खाल्ल्या, किती उरल्या? हा सर्वांत सोपा, कारण काहीतरी गेलेले दिसते. तुझ्या ताटलीत पाच आहेत, आजीच्या ताटलीत तीन, तुला किती जास्त? इथे काहीच गेलेले नाही, म्हणून मूल गोंधळते. तेव्हा दोन्ही ताटल्यांतल्या फोडी समोरासमोर जोडीने मांडाव्यात. जोडीदार न मिळालेल्या फोडी म्हणजे उत्तर. घरात पाच माणसे आहेत, चकत्या तीन आहेत, आणखी किती कापू? हा तिसरा प्रकार, आणि रोजच्या स्वयंपाकात तो सतत येतो. दहाच्या पुढे गेल्यावर दहा तुकड्यांची एक ताटली भरून तिला दशक म्हणावे आणि बाहेर उरतील ते सुटे. भाकरीचे चार चतकोर केले, की पाव, निम्मा आणि पाऊण हेही हाताला कळते.

एक गंमत मला काकांनी दाखवली. मराठी मुले एकोणतीस, एकोणचाळीस या आकड्यांना हमखास अडखळतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी संख्यानामे आली, तेव्हा केवढा वाद झाला, हे आपल्याला आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना अवघड जातो, अशी त्यांची भूमिका होती. त्या वादात मी पडत नाही. पण काकांनी नातीपुढे पपईच्या वीस फोडी मांडल्या, एक खाल्ली आणि म्हणाले, "एक उणे वीस. म्हणून एकोणीस." एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आठ आकड्यांच्या नावांत आपल्या भाषेने एकेक वजाबाकी करून ठेवली आहे. पुढे नव्व्याण्णवला ती का नाही, असे ताईने विचारले, तेव्हा काकाही निरुत्तर झाले.

परिसरातल्या वस्तूंनी शिकवण्याची कल्पना माझी नव्हे आणि नवीनही नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने गावातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना परवडणार नव्हती. त्यांच्या जागी त्यांनी बिया, पाने, खडे, शिंपले वापरले. साधन विकत आणावे लागत नाही, हा त्यांचा धडा आपल्या घरालाही लागू पडतो. बाजारातल्या रंगीत मण्यांची आणि मोबाइलवरच्या खेळाची गरज नाही. गरज आहे ती मुलासमोर अर्धा तास स्वस्थ बसू शकणाऱ्या माणसाची. ते माणूस दोन पाळ्यांत विभागलेल्या घरात बहुधा आपणच असता.

डॉक्टर म्हणून दोन पथ्ये सांगते. पहिले, उत्तर बरोबर आले तरच खायला मिळेल, असे कधीही करू नये. उत्तर चुकले म्हणून गाजर काढून घेतले आणि बरोबर आले म्हणून चॉकलेट दिले, तर मूल गणित शिकेल न शिकेल, गाजर म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस, हे मात्र नक्की शिकेल. दुसरे, वाटी रिकामी करण्याचा आग्रह नसावा. काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे, हे आपण ठरवावे. किती खायचे, हे मुलाच्या भुकेवर सोडावे. उरले तर उरले. शिल्लक लिहिता येते.

या वहीचा काकांना एक उपद्रव झाला. नात आता सगळ्यांच्याच जावकेची नोंद ठेवू लागली. पुढच्या तपासणीला ती वही घेऊनच आली आणि माझ्यासमोर वाचू लागली, "आजोबा, चहाबरोबर बिस्किटे, सहा." काका मला गेली कित्येक वर्षे दोन सांगत होते. त्यांची गोळी काही त्यामुळे सुटली नाही, पण चार वाजता बिस्किटांच्या जागी नातीबरोबर पपईच्या फोडी आल्या, आणि त्याही मोजून. मधुमेहात फळ वर्ज्य नसते, प्रमाण महत्त्वाचे असते. ते प्रमाण तिने मनावर घेतले आहे.

शेवटी, ज्याची गरज कधी पडू नये, पण जे ठाऊक असावे, ते सांगते. खाताना मुलाला ठसका लागला आणि ते जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. पाणी पाजू नये. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नये. तो आणखी आत जातो. मुलाला आवाजच काढता येत नसेल, श्वास घेता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एकाने तत्काळ १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताच्या टाचेने पाच ठोस फटके द्यावेत. वस्तू निघाली नाही आणि मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, तर मागून कवेत घेऊन, बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्ये मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके द्यावेत. वर्षाच्या आतील बाळाचे पोट दाबू नये. त्याला हातावर पालथे, डोके खाली करून पाच फटके, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. मूल बेशुद्ध झाले, तर छातीवर दाब देण्याची क्रिया सुरू करावी लागते. ती आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. वाचून हात बसत नाही.

आणि ठसका थांबला म्हणजे दाणा निघाला, असे समजू नये. तो खाली सरकून श्वासनलिकेच्या फांदीत बसला, की मूल काही काळ अगदी बरे दिसते. दोन-तीन दिवसांनी खोकला आणि घरघर सुरू होते आणि आपण त्याला सर्दी म्हणतो. डॉक्टरांकडे गेल्यावर त्या ठसक्याचे आठवणीने सांगावे. काकांनी विचारल्यावर सांगितले; न विचारता सांगणे अधिक चांगले.

काकांच्या घरी तो खेळ बंद पडला नाही, याचा मला आनंद आहे. मी बंद करा म्हणाले असते, तर त्यांनी ऐकले असते आणि नात पुन्हा पाटीसमोर रडत बसली असती. फक्त त्यांनी एक नियम वाढवला. शेवटी शिल्लक मोजायची, वहीतल्या आकड्याशी ताडायची आणि ती जुळल्याशिवाय कोणी जागेवरून उठायचे नाही. एक तुकडा कमी भरला, तर सतरंजी झटकायची, खिसे पाहायचे, धाकट्याला तोंड उघडायला लावायचे. धाकटा आता स्वतःच आ करून दाखवतो. त्याच्याही नावाचा रकाना वहीत आला आहे.